खारोंडीचं पाणी

दीक्षा सकाळी आली ती थेट स्वयंपाकघरात. खांद्यावरची कापडी पिशवीही न उतरवता ओट्याशी उभी राहिली, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली आणि "आलेच हं आई," म्हणून बाथरूममध्ये शिरली. यात वावगं काही नव्हतं. खारोंडीहून पुण्याला यायचं म्हणजे पहाटेची बस, घाटातली वळणं आणि वर एप्रिलचं ऊन. तहानली असेल पोर, असं म्हणून ललिताबाईंनी कणीक मळायला घेतली. पण चहाच्या आधी तिने पुन्हा पाणी घेतलं. चहानंतर पुन्हा. समोरचे पोहे गार झाले ते तसेच राहिले, तांब्या मात्र परत भरला गेला. आणि दर वेळी बाथरूमला जाताना ती पिशवी तिच्या खांद्याला होतीच.

दुपारी जेवायला पाहुणे यायचे होते. अभय आणि त्याची आई, शर्मिलाताई. आज त्याच्या आणि दीक्षाच्या साखरपुड्याची तारीख ठरायची होती. खराडीच्या या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासूनचं हे पहिलंच कार्य, म्हणून दीक्षाच्या भावाने, अनिरुद्धने, नवे पडदे आणले होते, त्याची बायको पूर्वा आदल्या दिवशी मुद्दाम मंडईत जाऊन भाजी घेऊन आली होती, आणि दीक्षाचे वडील दशरथराव सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून हॉलमध्ये वर्तमानपत्राचं एकच पान वाचत बसले होते.

एकच पान. हेही ललिताबाईंच्या आत्ता ध्यानात आलं.

"दीक्षे, पडदा धर गं जरा," अनिरुद्धने हाक मारली. दीक्षा गेली. पिशवी बेडरूममध्ये पलंगावर राहिली. ललिताबाईंनी कणकेचे हात पदराला पुसले आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. वयात आलेल्या मुलीची पिशवी उघडली.

आत रुंद तोंडाची पांढरी प्लास्टिकची बाटली होती. अर्धी भरलेली. वर दीक्षाचं नाव आणि संस्थेचा शिक्का.

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या.

राष्ट्रीय अणुविज्ञान संस्थेच्या खारोंडीच्या वसाहतीत त्यांचा सगळा संसार झाला होता. दशरथ रणपिसे तिथे जुन्या 'वरुणा' रिअॅक्टरवर शिफ्ट इंजिनियर. नवरे घरी काही सांगत नसत; सांगायची परवानगी नव्हती आणि सवयही नव्हती. मग बायकांनी आपल्यापुरती एक भाषा केली होती. रिअॅक्टर बंद असला की 'चूल विझलीय' म्हणायचं. आणि कुणाच्या हाती अशी बाटली आली की 'त्याला पाणी लावलंय'. रिअॅक्टरमध्ये जड पाणी फिरतं, त्यात ट्रिटियम नावाचं किरणोत्सारी द्रव्य तयार होतं, ते वाफेबरोबर श्वासात गेलं की अंगातल्या पाण्यात मिसळून जातं. ते बाहेर काढायचं तर भरपूर पाणी पीत राहायचं आणि लघवी बाटलीत धरून तपासायला द्यायची. एवढं ललिताबाईंना शेजारच्या रतनकडून कळलं होतं, तिच्या नवऱ्याला, साईनाथला पाणी लावलं होतं तेव्हा. साईनाथ पुढे धडधाकट राहिला, निवृत्त झाला, हे खरं. पण त्या आठवड्यात जिन्यात भेटलेल्या रतनचा चेहरा ललिताबाईंच्या डोळ्यांपुढून कधी हलला नाही.

आणि त्यांचं स्वतःचं कारण वेगळं होतं. सुगत. अनिरुद्धच्या आधीचा, पहिला. वसाहतीच्या दवाखान्यात जन्मला, हृदयाला भोक घेऊन आला आणि वर्षाचाही न होता गेला. डॉक्टर म्हणाले, असं कुठल्याही घरातल्या मुलाला होऊ शकतं. त्याच्या बापाच्या कामाशी याचा काही संबंध आहे का, हे ललिताबाईंनी विचारलं नाही. विचारलं असतं आणि उत्तर 'हो' आलं असतं, तर त्या माणसाबरोबर पुढचा जन्म काढायचा कसा? त्यांनी तोंड मिटलं. अनिरुद्धच्या वेळी नऊ महिने मिटलं, दीक्षाच्या वेळी नऊ महिने मिटलं, आणि दोघं जन्मल्यावर कितीतरी दिवस झोपलेल्या बाळाच्या नाकाशी बोट धरून बसत राहिल्या. दशरथराव निवृत्त झाले तेव्हा संस्थेचं फाटक ओलांडताना त्यांनी मनाशी ठरवलं, इथे परत पाऊल टाकायचं नाही. आणि मग याच मुलीने त्याच संस्थेच्या परीक्षेत नंबर काढला. त्या वेळी दोन महिने त्या दीक्षाशी बोलल्या नव्हत्या.

"आई, ती पिशवी..." दीक्षा दारात उभी होती.

"पाणी लावलंय तुला."

दीक्षाने दार लोटून घेतलं आणि आईसमोर फरशीवर बसली.

"कधी झालं?"

"बुधवारी. आमच्या नव्या रिअॅक्टरवर, सौदामिनीवर. एका पंपाच्या सीलमधून गळती सुरू झाली. रिअॅक्टर बंद केला आणि आम्ही दोघं सूट घालून आत गेलो, व्हॉल्व्ह बंद करायला. माझ्या सूटची हवेची नळी निसटली. मी लगेच बाहेर आले गं. पण चार-दोन श्वास गेले असणार."

"मग?"

"पहिला नमुना मर्यादेच्या आत आला. पण एकावरून नीट कळत नाही. बाकीच्या नमुन्यांचं आज दुपारी डॉक्टर फोनवर सांगणार आहेत."

"दुखतंय कुठे? मळमळतंय?"

"काही नाही. काहीच होत नाही, तेच तर..." तिने वाक्य सोडून दिलं.

ललिताबाईंनी तिच्या केसांवरून फिरवायला हात पुढे केला आणि मध्येच, अगदी पापणी लवायच्या आत, तो थबकला. पुढच्याच क्षणी त्यांनी तिचं डोकं छातीशी धरलं. पण दीक्षाने ते थबकणं पाहिलं होतं.

"हात लावल्याने काही होत नाही, आई," ती हळूच म्हणाली.

"माहीत आहे मला!" ललिताबाई उगाचच तिच्या अंगावर खेकसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अभयला सांगितलंस?"

"आज सांगणार आहे. त्याच्या आईसमोरच. नंतर कळलं तर लपवलं म्हणतील."

"आज नाही. तारीख ठरू दे. फोन येऊ दे. चांगला आला तर सांगायची गरजच काय?"

"आणि वाईट आला तर?"

दारावर टकटक झाली आणि पूर्वा आत डोकावली. "आई, तवा जळतोय. आणि कुजबुज बाहेर ऐकू येतेय, म्हणून सांगते."

पूर्वा शनिवार पेठेतली. तिचं हे तिरकं बोलणं लग्नाला सहा वर्षं झाली तरी ललिताबाईंच्या पचनी पडलं नव्हतं. पण तिच्यापासून लपवायची वेळ निघून गेली होती. तिच्या मागोमाग अनिरुद्धही आला, आणि दीक्षाने दोघांना सगळं सांगितलं.

अनिरुद्ध ताबडतोब आईच्या बाजूला गेला. "हे बघ, ही तुझी मेडिकल बाब आहे. पर्सनल. लग्नाआधी कोणी कोणाला आपले ब्लड रिपोर्ट दाखवतं का? रिझल्ट नॉर्मल आला तर विषय क्लोज."

"आणि नाही आला तर साखरपुड्यात पेढ्याबरोबर वाटायचा का?" पूर्वा म्हणाली. "आमच्याकडेही लोक खोटं बोलतात. पण पाहुण्यांना पानावर बसवून बोलत नाहीत. शर्मिलाताई आज जेवणार आहेत इथे. मला नाही जमणार त्यांच्याकडे बघायला."

"कोणी तुला बघ म्हणतंय?" ललिताबाई म्हणाल्या. "तू वाढ फक्त."

"हो. वाढणारच आहे."

एवढं बोलून पूर्वा फोन घेऊन गॅलरीत गेली. काच पुरती लागली नव्हती. तिचा आवाज आत आला. "हॅलो आई, स्वराली काय करतेय? ... नाही गं, आज तिकडेच राहू दे तिला. ... काही नाही, इथे पाहुणे आहेत, गडबड आहे. उद्याही राहिली तरी चालेल."

चार वर्षांची स्वराली संध्याकाळी आत्याला भेटायला येणार होती. दीक्षाने तिच्यासाठी शिंपल्यांची माळ आणली होती. गॅलरीतून आत येताना पूर्वाच्या लक्षात आलं, की सगळ्यांनी ऐकलंय. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. सत्य सांगा म्हणणारीच ती, आणि पहिल्यांदा घाबरलीही तीच.

"दीक्षा, मी..."

"असू दे वहिनी. मीही तेच केलं असतं."

ललिताबाईंना त्या क्षणी सुनेचा राग यायला हवा होता. आला नाही. स्वतःचा थबकलेला हात त्यांना आठवत होता. त्या तरातरा हॉलमध्ये गेल्या. दशरथराव त्याच पानावर होते.

"अहो, ऐकलंत का? तुमच्या संस्थेने काय केलंय ते?"

दशरथरावांनी चष्मा काढला. घाईने विचारलं नाही, दचकले नाहीत. ते पाहूनच ललिताबाईंना कळलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"तिने बुधवारीच फोन केला होता," ते म्हणाले. "मी म्हटलं, आईला समोर आल्यावर सांग. फोनवर नको."

"चार दिवस माझ्या शेजारी जेवलात, झोपलात."

"तुझे चार दिवस तरी नीट गेले."

"माझे? माझे दिवस कधी नीट गेले त्या जागेमुळे?" आवाज चढतोय हे त्यांनाच कळलं. बापलेकीचं आपसात एक जग आहे, आपल्याला त्यात जागा नाही, ही जुनी बोच होतीच. पण आज भीती तिच्यावर मात करत होती. "मर्यादा ओलांडली तर काय होतं? खरं सांगा. बाईच्या जातीला काय होतं?"

दशरथराव उत्तर द्यायला तोंड उघडणार, इतक्यात दाराची बेल वाजली. पाहुणे ठरल्यापेक्षा लवकरच आले होते.

"जय भीम, ललिताताई!" शर्मिलाताई आत येताच म्हणाल्या. महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, ठसठशीत आवाजाची बाई. नवरा लवकर गेला, एकट्या हिमतीवर अभयला वाढवून प्राध्यापक केलं. हॉलमधल्या बुद्धमूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे हात जोडून त्या सोफ्यावर बसल्या आणि दीक्षाला शेजारी ओढून तिचा हात आपल्या हातात घेऊन बसल्या. ललिताबाई त्या हाताकडे बघत राहिल्या. ही बाई तो हात किती सहज धरून बसलीय. हिला माहीत नाही म्हणून.

अभय दीक्षाकडे पाहून हसला. दीक्षाही हसली, पण उशिरा. ते त्याने टिपलं असावं, कारण पुढचा सगळा वेळ तो बोलत होता इतरांशी आणि बघत होता तिच्याकडे.

पानं वाढली. मटणाचा रस्सा चांगला उतरला होता. शर्मिलाताईंनी दोनदा मागून घेतला. तारखांचं बोलणं सुरू झालं. बुद्धपौर्णिमेच्या आसपास हॉल मिळतो का, अनिरुद्ध फोनवर शोधू लागला. पूर्वा मान खाली घालून वाढत होती. दीक्षा भाताचे चार घास गिळून पाणी पीत होती, पूर्वा भरत होती, ती पीत होती.

"किती पाणी पितेस गं!" शर्मिलाताई हसल्या. "तिखट झालं का तुला? पुढच्या वर्षी डोहाळे लागतील तेव्हा काय करशील?"

कोणी हसलं नाही. अनिरुद्ध तेवढा घाईघाईने "हो ना, हो ना," म्हणाला. शर्मिलाताईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. चाळीस-चाळीस पोरांच्या वर्गात कोण काय लपवतंय हे ओळखण्यात त्यांची हयात गेली होती.

त्यांनी घास ताटात ठेवला. "ललिताताई, एक विचारू? तुम्ही आईच आहात म्हणून तुम्हाला विचारते. अभयला हे आवडायचं नाही. मी दीक्षाला पसंत केलं तेव्हा माझ्या बहिणीने विचारलं होतं, रिअॅक्टरवर काम करणारी मुलगी आहे, पुढे मुलाबाळांचं काय? मी तिला गप्प केलं. पण प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. तुम्ही तर सगळा संसार तिथे केलात. तिथल्या कामाने... काही होत नाही ना?"

"आई!" अभय म्हणाला.

"विचारू दे रे."

दीक्षाने ग्लास खाली ठेवला. ती बोलणार हे ललिताबाईंना दिसलं आणि नेमका तेव्हाच टेबलावरचा तिचा फोन थरथरला. दीक्षाने नाव पाहिलं, खुर्ची मागे सारली आणि गॅलरीत जाऊन काच ओढून घेतली.

काचेपलीकडे दीक्षाची पाठमोरी आकृती. तिने एक हात कठड्यावर ठेवला होता. ती ऐकत होती, बोलत नव्हती.

'काही होत नाही' एवढे तीन शब्द ललिताबाईंच्या ओठांवर तयार होते. सकाळपासून त्यांनी त्याच शब्दांसाठी घरातल्या प्रत्येकाशी भांडण घेतलं होतं. समोर शर्मिलाताई त्या शब्दांची वाट बघत होत्या, अर्धवट पुढे झुकून, उष्टा हात तसाच ताटावर धरून. त्या नजरेची ललिताबाईंना चांगली ओळख होती. असंच झुकून त्यांनाही कुणाला तरी विचारायचं होतं, आयुष्यभर.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"आई," अनिरुद्ध कुजबुजला.

"मला खरंच माहीत नाही, शर्मिलाताई. बुधवारी तिथे गळती झाली. दीक्षाच्या श्वासात गेलंय. म्हणून ती पाणी पितेय. आत्ताचा फोन त्याचाच आहे. आणि अनिरुद्धच्या आधी मला एक मुलगा होता. सुगत. हृदयाला भोक होतं. गेला. ते कशाने, हे मी कधी विचारलं नाही." त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, आता विचारते. सगळ्यांसमोर विचारते. तुमच्या कामामुळे गेला का तो?"

दशरथरावांनी ताट बाजूला सारलं. पूर्वाने भाताचं भांडं ओट्यावर नेऊन ठेवलं आणि ती तिथेच थांबली.

"मी विचारलं होतं," शेवटी ते म्हणाले. "त्याला पुरल्यावर लगेच. आपल्या दवाखान्यात विचारलं, मग मुंबईला जाऊन बाहेरच्या दोन डॉक्टरांना विचारलं. माझा किरणांचा डोस त्या वेळी अगदीच किरकोळ होता. तिघांनी सांगितलं, संबंध नाही. माझं शिक्षणही तेच सांगत होतं."

"मग मला का नाही बोललात?"

"तू विचारशील म्हणून थांबलो. तू विचारलं नाहीस. मला वाटलं, तुझ्या मनात नाहीच हे. मग मी कशाला घालू?" त्यांनी मान वर केली. "आणि डॉक्टरांवर माझा विश्वास होता, ललिता. पण अनिरुद्ध पोटात असताना मी रोज शिफ्टवरून येऊन अंघोळीवर अंघोळ करायचो. घाबरत मीही होतो."

ते ललिताबाईंना आठवलं. जिवाला थंडावा म्हणून करतात, असं वाटायचं तेव्हा.

काच सरकली. दीक्षा आत आली. आत काय घडलंय हे तिला चेहऱ्यांवरून कळलंच.

"सांग," ललिताबाई म्हणाल्या. "सगळ्यांना माहीत आहे."

दीक्षाने अभयकडे पाहून सांगितलं. "पहिल्या अंदाजापेक्षा जास्त निघालंय. वर्षभरासाठी ठरलेली मर्यादा थोडी ओलांडलीय. डॉक्टर म्हणाले, आजारी पडण्याइतकं नाही. पाण्याबरोबर ते निघून जातंय, काही महिन्यांत अंगात शिल्लक राहणार नाही. तोवर रिअॅक्टरच्या इमारतीत जायचं नाही. उद्या परत जाऊन तिथे नमुने द्यायचेत. आणि मूल होण्याचा विचार... काही महिने तरी पुढे ढकला म्हणाले."

"आणि नंतर?" शर्मिलाताईंनी विचारलं.

"नंतर काही हरकत नाही, म्हणाले. काकू, मी शंभर टक्के असं लिहून देऊ शकत नाही. ते कोणीच देऊ शकत नाही."

अभय उभा राहिला होता. "बुधवारी झालं. चार दिवस आपण रोज बोललो."

"मला तुला समोर सांगायचं होतं."

"मी बसने आलो असतो तिकडे. त्याच रात्री आलो असतो." त्याच्या आवाजात राग होता की भीती, ते ललिताबाईंना कळलं नाही, कदाचित त्यालाही कळलं नसावं.

शर्मिलाताईंनी उठून हात धुतले. बराच वेळ धुतले. मग पर्स उचलली आणि दाराशी थांबून ललिताबाईंना म्हणाल्या, "तारीख आज नको. मी नाही म्हणत नाही आणि हो पण म्हणत नाही. मला थोडे दिवस घाबरू द्या." आणि अभयला म्हणाल्या, "चल."

तो गेला. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत दीक्षा उंबऱ्यात उभी होती. मग आत येऊन तिने ग्लास उचलला, भरला आणि उभ्यानेच प्यायला.

अनिरुद्ध आईवर उखडला. "झालं समाधान? तूच म्हणत होतीस ना, बोलायचं नाही?"

"अनिरुद्ध, पुरे," पूर्वा म्हणाली. आणि ललिताबाईंच्या पाठीवर हात ठेवून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिरकं काही न बोलता, तिने त्यांना खुर्चीवर बसवलं. "तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाहीये, आई. मी पान वाढते."

संध्याकाळी ललिताबाईंनी माळ्यावरची बॅग काढायला सांगितली. दोन लुगडी, रक्तदाबाच्या गोळ्या, लोणच्याची बरणी. कुठे निघालीस, असं दशरथरावांनी विचारलं.

"खारोंडीला. हिच्या क्वार्टरवर. बाटल्या भरायच्या आणि नमुने द्यायचे, तोवर ही एकटी राहणार का तिथे?"

"आई, तू? तिथे?" दीक्षा म्हणाली.

"मला तिथली भीती वाटते म्हणून तू एकटीने घाबरायचं, असं कुठे आहे? तुमचे बाबाही येतील. नाहीतरी इथे एकच पान वाचतायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी अनिरुद्धने गाडी काढली. पुढे दशरथराव, मागे मायलेकी. घाट सुरू झाला तशी ललिताबाई सरळ होऊन बसल्या. या रस्त्याचं एकेक वळण त्यांच्या अंगाला माहीत होतं. सुगतला पुण्याच्या इस्पितळात न्यायचं होतं तेव्हा अँब्युलन्स याच वळणांवरून चढली होती. त्यांनी खिडकीबाहेर बघायचं टाळलं आणि दीक्षाच्या मांडीवर हात ठेवला. दीक्षाला अभयचा सकाळी एक मेसेज आला होता. 'शनिवारी येतोय. आईला सांगून येतोय.' तिने तो आईला दाखवला होता.

ललिताबाईंचा फोन वाजला. शर्मिलाताई.

त्यांनी फोन कानाला लावला. "बोला."

"निघालात का?"

"हो. घाटात आहोत."

"रात्रभर झोप नाही लागली," शर्मिलाताई म्हणाल्या. त्यांचा तो ठसठशीत आवाज आज कुठेच नव्हता. "तारखेचं नाही बोलायचं मला. ते अजून माझं ठरत नाही. मी तुमच्या त्या बाळाचाच विचार करत होते. तुम्ही नाव घेतलंत आणि मी उठून निघून आले. असं करायला नको होतं. ललिताताई, त्याला दात आले होते का हो?"

इतक्या वर्षांत सुगतबद्दल असं काही कुणी विचारलं नव्हतं. लोक आजाराचं विचारत, नाहीतर विषय बदलत. दीक्षाने आईचा हात घट्ट धरला.

"आले होते," त्या म्हणाल्या. "दोन. खालचे. बोट तोंडात घातलं की चावायचा."

"तीन," पुढच्या सीटवरून दशरथराव म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही. "वरचा एक शेवटच्या आठवड्यात दिसायला लागला होता. तू औषध आणायला गेली होतीस तेव्हा मला दिसला. त्याला घेऊन मी खिडकीपाशी उभा होतो."

अनिरुद्धने गाडीचा वेग कमी केला. ललिताबाईंनी फोन कानापासून काढला नाही.

"तीन होते, शर्मिलाताई," त्या म्हणाल्या. "तीन."